नानाभाई मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर १८५९ – २० फेब्रुवारी १९३६) हे भारतीय भूचुंबकत्वशास्त्रज्ञ आणि मुंबई येथील कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारे बदल, चुंबकीय वादळे आणि त्यांचा सूर्याच्या सक्रियतेशी असलेला संबंध हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय होते. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम सुरू होण्यापूर्वी त्यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबाग येथे हलविली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली नोंदींची मालिका खंडित झाली नाही. कुलाबा आणि अलिबाग यांची ही जोडमालिका जगातील सर्वांत दीर्घ भूचुंबकीय नोंदींपैकी एक आहे. सूर्यावरील घडामोडींचा पृथ्वीवरील तंत्रव्यवस्थेवर, तसेच सजीवसृष्टीवर काही परिणाम होतो का, हे तपासताना अशा दीर्घ नोंदींचा आधार घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा उभारली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविणे आणि खगोलीय वेध घेणे हे तिचे मूळ प्रयोजन होते. पुढे जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांच्या प्रेरणेने जगभर एकाच वेळी चुंबकीय निरीक्षणे घेण्याची मोहीम सुरू झाली. कुलाबा वेधशाळा १८४१ मध्ये या कार्यात सामील झाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली ही निरीक्षणे सुरू झाली.

त्या काळी टांगलेल्या चुंबकाची स्थिती निरीक्षक डोळ्यांनी पाहून वहीत लिहीत असत. रात्रंदिवस ठरावीक वेळी हे काम होई. चुंबक अस्वस्थ झाल्याचे दिसल्यास दोन वाचनांमधील अंतर कमी करून दर काही मिनिटांनी नोंद घेतली जाई. १८७२ पासून छायाचित्रणाच्या साहाय्याने अखंड नोंद घेणारी उपकरणे वापरात आली. चुंबकाला जोडलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या प्रकाशसंवेदी कागदावर रेषा उमटवीत असे आणि त्या रेषेच्या चढउतारांवरून क्षेत्रातील बदल मोजता येत.

याच सुमारास युरोपात सूर्याविषयी महत्त्वाची माहिती पुढे येत होती. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने कमीअधिक होते, असे हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. रुडॉल्फ वोल्फ यांनी हा काळ सरासरी सुमारे ११ वर्षे असल्याचे निश्चित केले. चुंबकीय अस्वस्थतेचे प्रमाणही याच आवर्तनाने बदलते, हे एडवर्ड सबाइन यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे होकायंत्राच्या सुईची हालचाल हा सूर्याच्या अभ्यासाचाही एक मार्ग ठरला.

जीवन आणि शिक्षण

मूस यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्यांचे जन्मवर्ष सौरभौतिकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यांच्या जन्माच्या सुमारे दोन महिने आधी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, इंग्लंडमधील रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील डागांच्या समूहात अकस्मात उजळलेला प्रकाश पाहिला. त्यानंतर एका दिवसाच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रांच्या वाहिन्यांमध्ये बाहेरून वीज खेळू लागली आणि एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा ध्रुवीय प्रकाश उष्णकटिबंधाजवळच्या प्रदेशांतही दिसला. कुलाब्याच्या निरीक्षकांनी या वादळाची तपशीलवार नोंद केली. ज्या वेधशाळेत ही नोंद झाली, तिचे प्रमुखपद पुढे मूस यांच्याकडे आले.

मूस यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतली. पुढे एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली.

कुलाबा वेधशाळेचे संचालकपद

वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे १८९६ मध्ये निधन झाले. चेंबर्स यांनी तीन दशके वेधशाळेचा कारभार पाहिला होता आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते. त्यांच्यानंतर मूस संचालक झाले. सरकारी वैज्ञानिक संस्थांची प्रमुखपदे त्या काळात बहुतांशी युरोपीय अधिकाऱ्यांकडे असत. या पार्श्वभूमीवर ही नेमणूक उल्लेखनीय होती. मूस यांनी दोन दशकांहून अधिक काळ हे पद सांभाळले.

मूस यांचा कार्यकाळ मुंबई इलाख्यासाठी कसोटीचा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या वर्षी मोठे दुष्काळ पडले आणि १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने लाखोंचे बळी घेतले. वेधशाळेतील निरीक्षणे मात्र या सर्व काळात चालू राहिली.

चुंबकीय निरीक्षणांबरोबरच हवामानाच्या नोंदी आणि बंदरासाठी वेळदर्शन ही कामेही वेधशाळेकडे होती. १८९८ मध्ये येथे मिल्न पद्धतीचा भूकंपमापक बसविण्यात आला. दूरच्या भूकंपांच्या लहरी उपकरणाने टिपण्याच्या कार्याला भारतात नुकतीच सुरुवात होत होती. त्यातील आरंभीच्या केंद्रांमध्ये कुलाब्याची गणना होते.

ट्रामचा प्रश्न आणि अलिबाग येथे स्थलांतर

मुंबईत १८७४ पासून घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम चालत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती विजेवर चालविण्याची योजना पुढे आली. नागरिकांच्या दृष्टीने ही सोय होती, परंतु वेधशाळेसाठी तो अस्तित्वाचा प्रश्न होता.

विजेच्या ट्रामला लागणारा प्रवाह डोक्यावरील तारेतून येतो आणि रुळांवाटे परत जातो. रुळांमधून त्याचा काही भाग जमिनीत पाझरतो. अशा प्रवाहांभोवती निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र दूर अंतरावरील संवेदनशील चुंबकालाही हलवते. शांत दिवशी पृथ्वीच्या क्षेत्रात होणारा नैसर्गिक बदल एकूण क्षेत्राच्या एक सहस्रांशाच्या आसपास असतो. ट्रामच्या प्रत्येक फेरीबरोबर सुई हलू लागल्यास हा सूक्ष्म बदल ओळखणे अशक्य झाले असते. युरोपातील काही शहरांमधील वेधशाळांना हा अनुभव आलाही होता.

शहराचा विकास थांबविणे शक्य नव्हते आणि वेधशाळा बंद करणे म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळची मालिका तोडणे होते. मूस यांनी वेधशाळेचा चुंबकीय विभाग शहराबाहेर नेण्याचा मार्ग स्वीकारला. त्यासाठी मुंबईच्या दक्षिणेस, समुद्रमार्गे सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड झाली. अलिबाग मुंबईपासून पुरेसे दूर असल्याने ट्रामचा उपद्रव तेथे पोहोचणार नव्हता. त्याच वेळी ते इतके जवळ होते की दोन्ही ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्रातील बदलांमध्ये फारसे अंतर राहणार नव्हते. मुंबईतील कुलाबा आणि अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला यांच्यातील नामसाम्य हा योगायोग आहे. अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, तो जिल्हाही त्या काळी कुलाबा याच नावाने ओळखला जाई. १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले.

नव्या वेधशाळेच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड भिंतींसाठी वापरण्यात आला. तापमान बदलले की चुंबकाची शक्ती आणि उपकरणाचे वाचन दोन्ही बदलतात. म्हणून अखंड नोंद घेणाऱ्या उपकरणांच्या खोलीतील तापमान शक्य तितके स्थिर राहील, अशी रचना करण्यात आली. क्षेत्राचे निरपेक्ष मापन करण्यासाठी वेगळी इमारत बांधण्यात आली.

अलिबाग येथे १९०४ मध्ये निरीक्षणे सुरू झाली. तरीही कुलाब्यातील निरीक्षणे लगेच थांबविण्यात आली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या. एकाच क्षणी दोन जागी घेतलेल्या वाचनांची तुलना करून त्यांच्यातील स्थिर फरक काढता आला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला विश्वासार्ह रीतीने जोडता आली. मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा चुंबकीय वेधशाळेचे स्थलांतर पूर्ण झालेले होते. समांतर नोंदींचा हा काळ मूस यांच्या कार्यातील निर्णायक टप्पा मानला जातो. तो पाळला गेला नसता, तर आज एका दीर्घ मालिकेऐवजी दोन तुटक मालिका उरल्या असत्या.

वैज्ञानिक लेखन

मूस यांचा प्रमुख ग्रंथ १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सरकारी वेधशाळेत १८४६ ते १९०५ या ६० वर्षांत घेतलेली चुंबकीय निरीक्षणे आणि त्यांची चर्चा असे त्याचे स्वरूप आहे. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांमध्ये तो मूस यांचे खंड या नावाने परिचित आहे.

साठ वर्षांच्या या कालखंडात पाचांहून अधिक सौरचक्रे सामावलेली होती. संगणक नसलेल्या काळात ताशी वाचनांच्या लक्षावधी आकड्यांची तपासणी, दुरुस्ती, सरासरी आणि वर्गीकरण हाताने करावे लागले. शांत दिवस आणि अस्वस्थ दिवस वेगळे करणे, दिवसाच्या प्रत्येक तासाचा आणि वर्षाच्या प्रत्येक ऋतूचा परिणाम निराळा काढणे, अशी कामे यात येत.

या ग्रंथातील चुंबकीय वादळांचा अभ्यास विशेष महत्त्वाचा ठरला. प्रत्येक वादळ वेगळे दिसते आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी सुरू होते. मूस यांनी घड्याळातील वेळेऐवजी वादळ सुरू झाल्यापासूनचे तास मोजले आणि अनेक वादळांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून त्यांची सरासरी काढली. या रीतीने वादळाचा सर्वसाधारण आकार स्पष्ट झाला. आरंभी क्षैतिज घटक एकाएकी वाढतो, मग काही तासांत तो बराच खाली येतो आणि त्यानंतर अनेक दिवस सावकाश पूर्वपदावर येतो. सिडनी चॅपमन यांनी पुढील दशकात चुंबकीय वादळांचे जे विश्लेषण केले, त्याची पूर्वतयारी मूस यांच्या या कामात दिसते. वादळाच्या काळात पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या पातळीत वाहणाऱ्या वलयप्रवाहाची कल्पना नंतर विकसित झाली आणि क्षैतिज घटक घटण्याचे कारण तिच्यामुळे उलगडले.

मुंबईचे भौगोलिक स्थानही या अभ्यासाला अनुकूल होते. ध्रुवप्रदेशाजवळील वेधशाळांमध्ये ध्रुवीय प्रकाशाशी संबंधित प्रवाहांची गुंतागुंत असते, तर ऐन चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वेगळाच तीव्र प्रवाह वाहतो. कुलाबा आणि अलिबाग या दोहोंपासून दूर असल्याने वलयप्रवाहाचा परिणाम तेथे तुलनेने स्वच्छपणे दिसतो.

१८५९ च्या वादळाची नोंद

कुलाब्याच्या जुन्या नोंदींचे मोल २००३ मध्ये पुन्हा अधोरेखित झाले. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. लखीना आणि अ‍ॅलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञ होते. वादळाच्या वेळी कुलाब्यातील क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटला होता, असे त्यांनी या नोंदींवरून दाखविले. त्या ठिकाणच्या क्षैतिज क्षेत्राच्या तुलनेत ही घट चार टक्क्यांच्या आसपास येते.

तुलनेसाठी मार्च १९८९ च्या वादळाचे उदाहरण दिले जाते. जागतिक निर्देशांकानुसार त्या वेळी क्षेत्र सुमारे ५८९ नॅनोटेस्लाने घटले होते. कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा त्या वादळाने कोलमडली आणि सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात राहिले. एका केंद्रावरील नोंद आणि अनेक केंद्रांवरून काढलेला निर्देशांक यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही १८५९ सारखे वादळ पुन्हा आल्यास उपग्रह, वीजवाहिन्या आणि दळणवळण यांवर काय ओढवेल, याचा अंदाज बांधताना कुलाब्याची नोंद विचारात घेतली जाते.

सौरचक्र आणि नवजात बालके

सूर्याच्या सक्रियतेचा मानवी आरोग्याशी संबंध आहे का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांद्र चिझेव्हस्की यांनी मोठ्या प्रमाणावर मांडला. जन्माच्या वेळी सौरचक्र कोणत्या टप्प्यावर होते, यावर बालकाचे वजन, लांबी, जगण्याची शक्यता किंवा पुढील आयुष्य काही अंशी अवलंबून असते का, याचाही अभ्यास अलीकडच्या काळात झाला आहे. नॉर्वेतील चर्चच्या जन्ममृत्यू नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १६७६ ते १८७८ या काळात जन्मलेल्या व्यक्तींचा त्यात विचार करण्यात आला होता. सूर्य अधिक सक्रिय असताना जन्मलेल्यांचे आयुष्य सरासरी सुमारे पाच वर्षांनी कमी असल्याचे त्यात आढळले. गर्भावस्थेत जादा अतिनील किरणांमुळे मातेच्या शरीरातील फोलेट हे जीवनसत्त्व कमी होत असावे, अशी शक्यता त्यासंदर्भात विचारात घेतली जाते. भूचुंबकीय अस्वस्थतेचा शरीरातील मेलाटोनिन या संप्रेरकावर परिणाम होत असावा, असाही एक तर्क आहे. यांपैकी कोणतेही कारण निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

अशा संशोधनात सहसंबंध आणि कारण यांची गल्लत होण्याचा धोका मोठा असतो. मूस यांच्या कार्यकाळातील मुंबई इलाखा याचे बोलके उदाहरण आहे. १८९९–१९०० चा दुष्काळ सौरडाग कमी असण्याच्या काळात पडला, तर १९१८ ची साथ १९१७ च्या सौर कमाल पातळीला लागून आली. त्या काळातील जन्ममृत्यूचे आकडे केवळ सौरचक्राशेजारी मांडले, तर भूक आणि रोग यांचा परिणाम सूर्याच्या नावावर जमा होईल. जन्मवजनावर मातेच्या पोषणाचा मोठा प्रभाव असतो, हे मात्र भक्कम पुराव्याने ज्ञात आहे. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून सुरू झालेल्या माता पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे वजन सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. सूर्याचा परिणाम असलाच, तर तो अशा मोठ्या फरकांमधून वेगळा काढावा लागेल. त्यासाठी एकाच पद्धतीने, अनेक चक्रांवर पसरलेल्या जन्माच्या आणि चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी लागतात. तास, ऋतू आणि वादळ यांचे परिणाम एकमेकांपासून निराळे करण्याची मूस यांची पद्धत येथेही मार्गदर्शक ठरते.

निधन आणि वारसा

मूस यांचे २० फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी निधन झाले.

त्यांनी उभारलेली अलिबागची चुंबकीय वेधशाळा आजही कार्यरत आहे. कुलाबा आणि अलिबाग येथील कार्याचा वारसा लाभलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय नवी मुंबईजवळ नवीन पनवेल येथे आहे. संशोधन पदवीनंतर काम करू इच्छिणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांसाठी ही संस्था मूस यांच्या नावाने अधिछात्रवृत्ती देते.

संवेदनशील उपकरणाला माणसाच्या वर्दळीपासून दूर शांत जागा लागते, हा मूस यांच्यासमोरचा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांनंतर पुन्हा उभा राहिला. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया या प्रकल्पासाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्याची निवड झाली. भूकंपीय हालचाल आणि मानवनिर्मित कंपने कमी असणे हा या निवडीतील महत्त्वाचा निकष होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या अशा शोधकाजवळ चुंबकमापकेही बसविलेली असतात. विजांचा कडकडाट किंवा चुंबकीय अस्वस्थता यांमुळे उमटलेला खोटा संकेत त्यांच्या मदतीने ओळखता येतो. ट्रामच्या प्रवाहापासून सुईला वाचविण्यासाठी मूस यांनी अलिबागमध्ये जी काळजी घेतली, तीच काळजी आता औंढा नागनाथच्या माळावर अधिक सूक्ष्म मापनासाठी घ्यावी लागणार आहे.